हार्ड शॉकअपचं खूळ
(जुनी गाडी, चालती गाडी : लेखांक ९)

मागच्या आठवड्यात टायरपर्यंत आलो होतो. टायरवरून हात फिरवताना जागोजागी खड्डे-उंचवटे लागले, तर टायरला शिव्या देण्याआधी शॉकअप तपासा, असं तिथे ओझरतं म्हटलं होतं. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी नाचू लागलं की रबर असंच ठिकठिकाणी खाल्लं जातं. आज त्या शॉकअपबद्दल, आणि विशेषतः नवा घेताना काय बघायचं याबद्दल.

नागपुरात जुनी फियाट किंवा अॅम्बेसिडर घेऊन कुठल्याही गॅरेजात उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "भाऊ, हार्डवाले टाकून देतो, मग पाहाचं काम नाही." सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. हार्ड म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे टिकाऊ, असा सरळ हिशेब असतो. तो हिशेबच मुळात चुकीचा आहे, आणि नागपूरच्या रस्त्यांवर तर फारच.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. ते काम मागच्या कमानींचं, पुढच्या कॉइल स्प्रिंगचं, अॅम्बेसिडरमध्ये पुढच्या टॉर्शन बारचं. त्यामुळे गाडी एका अंगाला कलली असेल किंवा मागून बसली असेल, तर शॉकअप बदलून ती उठणार नाही. शॉकअपचं काम एकच, स्प्रिंगचं उसळणं आवरायचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. गाडी उसळली की तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि उसळण्याची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून तासभर गाडी हाकून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, बेतानेच लावा.

आता नागपूरचे रस्ते. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण सव्वा वेळा खालीवर होते, ही तिची स्वतःची चाल. काटोल-सावनेरच्या बाजूला काळ्या मातीवरून गेलेल्या डांबरी रस्त्यांना लाटा येतात, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ताशी ६० किलोमीटरने जाताना समजा १४ मीटरची लाट लागली, तर धक्के बरोबर सेकंदाला सव्वाच्या आसपास बसतात. रस्त्याची चाल आणि बॉडीची चाल जुळली की गाडी डोलायला लागते, मागे बसलेल्यांना मळमळतं. अशा रस्त्यावर शॉकअप दमदार हवा, मेलेला असेल तर तो इथेच उघडा पडतो.

पण शहरात आलं की चित्र उलटं. गेल्या काही वर्षांत शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे झाले. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. साडेचार मीटरवर एक सांधा धरला, तर ६० च्या वेगाला सेकंदाला पावणेचारच्या आसपास ठोके. बॉडीच्या चालीपेक्षा हे ठोके तिप्पट भरभर येतात. इतक्या भरभर येणाऱ्या धक्क्यांना शॉकअप जितका कडक, तितका तो धक्का थेट बॉडीत पोचवतो. ऐकीव गोष्ट नाही ही, साधं यंत्रशास्त्र आहे. हळू लाटेला कडकपणा मदत करतो, जलद ठोक्यांना तोच कडकपणा मारतो. म्हणून चांगला शॉकअप म्हणजे या दोन्हींच्या मधला, त्या गाडीच्या स्प्रिंगसाठी आणि वजनासाठी मोजून बनवलेला. कडक शॉकअप लावलेल्या फियाट पद्मिनीचा डॅशबोर्ड सिमेंट रोडवर खडखडतो, दाराच्या बिजागऱ्या ढिल्या होतात, आणि पन्नास वर्षांच्या पत्र्याला जिथे जिथे वेल्डिंग आहे तिथे तिथे तडा जायची सोय होते. टिकाऊ शॉकअप घेऊन गाडी मोडायची, हा कुठला फायदा?

म्हणून शॉकअप घेण्याआधी गाडीखाली जा. पाटे असलेल्या गाडीत, म्हणजे फियाट, अॅम्बेसिडर, महिंद्राची जीप या सगळ्यांत, पाट्यांचं एकमेकांवर घासणं हासुद्धा एक प्रकारचा आवरच असतो. पाट्यांमध्ये गंज धरला की ती कमान लाकडासारखी ताठ होते. मालकाला वाटतं शॉकअप खराब, मिस्त्री शॉकअप बदलतो, धक्के तसेच. आधी कमान उतरवून पाटे सुटे करा, गंज खरवडा, ग्रीस लावून परत बसवा, शॅकलचे बुश बदला. निम्म्या गाड्यांची तक्रार इथेच संपते असं माझं मत आहे, आणि हे काम शॉकअपच्या मानाने स्वस्तातलं आहे.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती वेळा उसळतो ते मोजायचं, ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे. ती मेलेला शॉकअप सांगते, आजारी सांगत नाही. आणि कमान गंजलेली असेल तर मेलेलाही सांगत नाही, कारण गाडी उसळतच नाही. खरी परीक्षा शॉकअप काढून हातात घेतल्यावर. तो उभा धरा, बसतो तसाच, तेलाची नळी खाली. दांडा पूर्ण वर ओढा, पूर्ण खाली दाबा, असं चार-पाचदा करा म्हणजे आतली हवा निघून जाते. त्यानंतर सावकाश ओढताना सगळ्या लांबीभर सारखाच अटकाव लागला पाहिजे. सुरुवातीचा अर्धा-एक इंच दांडा मोकळाच सरकला, तर आत तेल कमी आहे किंवा झडप गेली आहे. ओढताना जास्त जोर लागतो आणि दाबताना कमी, हे दोष नव्हे. बहुतेक शॉकअप मुद्दाम तसेच बनवतात, कारण दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हाच तिला जास्त आवरावं लागतं. दांड्यावरचं क्रोम बोटाने चाचपून बघा. एका जागी जरी गंजाची टिपकी लागली, तरी ती प्रत्येक फेरीत सील कापते.

हीच हातपरीक्षा दुकानात नव्या शॉकअपचीही करा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

आता खरेदीकडे. फियाट ११०० ची गोष्ट सोपी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी इतकी वर्षं बनवली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने तिला इतकी वर्षं चालवली, की तिचे शॉकअप बनवणारे देशात तयार झाले. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली, त्यांचा कारखाना मुलुंडला होता. आज चाकण आणि नाशिकलाही त्यांचे कारखाने आहेत. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीच्या जोरावर जो माल फिरत होता तो आता फिरत नाही. अॅम्बेसिडरचंही तेच, उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. त्यामुळे बाजारात आज तीन तऱ्हेचा माल आहे, आणि तिन्हीला वेगळी नजर लागते.

पहिला, वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोरा माल. खोका पिवळा पडलेला, वर जुनी किंमत. मन हरखतं, पण सील रबराचं असतं आणि रबर खोक्यातही म्हातारं होतं. त्यातून नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात वीस वर्षं काढलेलं रबर! असा माल घ्यायचा तर वरची हातपरीक्षा करून आणि दोन-तीन दिवस उभा ठेवून, दांड्याभोवती तेलाचा ओलावा येत नाही ना हे बघूनच.

दुसरा, भरून दिलेला. नळीला भोक पाडून तेल ओतायचं, वरून वेल्डिंगचा ठिपका द्यायचा, काळा रंग मारायचा. तेल कुठलं, तर हाताशी असेल ते, कधी कधी चक्क इंजिन ऑइल. इंजिन ऑइल थंडीत घट्ट, उन्हात पातळ, आणि खड्ड्यांवर फेसाळतं. फेसाला अटकाव नसतो, त्यामुळे दहा मिनिटांत शॉकअप असून नसल्यासारखा. झिजलेली झडप आणि खरवडलेला दांडा तर तसाच राहतो. शॉकअपच्या बुडाशी नखाने रंग खरवडून बघा, वेल्डिंगचा वेगळा ठिपका दिसला की पैसे परत खिशात. इथे एक अपवाद. मॉरिस मायनरसारख्या जुन्या इंग्रजी गाड्यांतला लिव्हरवाला शॉकअप, ज्याचा हात पुढच्या चाकाची वरची दांडीच असतो, तो मुळातच तेल भरण्यासाठी बनवलेला आहे. त्याला बोल्टचं झाकण असतं, आणि योग्य जाडीचं शॉकअपचं तेल भरून, सील-बुश बदलून तो नव्याने उभा करणं हाच योग्य मार्ग. त्याच्या जागी दुसऱ्या तऱ्हेचा शॉकअप बसवण्याचे उद्योग करू नका, तिथे चाकाची भूमितीच बदलते.

तिसरा, नवा माल. यात देशी आहे, बाहेरचा आहे, आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटकडून येणारा बिननावाचा किंवा भलत्याच नावाचाही आहे. खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष, बॅच आणि किंमत छापलेली हवी, आणि शॉकअपवर कोरलेला नंबर खोक्याशी जुळला पाहिजे. जोडीतले दोन शॉकअप तराजूवर ठेवा, वजनात फरक दिसला तर परत करा. आणि घ्यायचे ते जोडीनेच. एकाच धुऱ्यावर एक नवा, एक जुना लावलेली गाडी वळणावर कुठे जाईल ते तीच जाणे.

गॅसचा शॉकअप घ्यावा का, हा प्रश्न दर वेळी येतो. दोन प्रकार आहेत. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये कमी दाबाचा नायट्रोजन भरतात, साधारण १० बारच्या आत. त्याने तेल फेसाळत नाही, आणि जुन्या गाडीला तो खुशाल चालतो. आपल्या उन्हाळ्याला तर मी तोच सुचवीन. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये मात्र दाब २० ते ३० बार असतो. हा दाब दांड्याला कायम बाहेर ढकलतो, ११ मिलिमीटरचा दांडा धरला तर एकेका शॉकअपमागे वीस-पंचवीस किलोचा रेटा. रिकामी फियाट ९०० किलोच्या आसपास, म्हणजे चाकामागे सव्वादोनशे. त्यात वीस-पंचवीस किलोचा रेटा म्हणजे गाडीची उंची आणि स्वभाव दोन्ही बदलतात. १९९५ नंतर पुण्यात जुळणी झालेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ सारख्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या नंबरचा असा शॉकअप योग्य. फियाटला नको.

माप हा शेवटचा पण सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. "बसतो" आणि "चालतो" यांत अंतर आहे. जुना शॉकअप पूर्ण ओढून आणि पूर्ण दाबून, दोन्ही लांब्या मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. नवा दाबल्यावर जुन्यापेक्षा लांब राहत असेल, तर मोठ्या खड्ड्यात बॉडीचा रबरी ठोकळा टेकण्याआधीच शॉकअप आतून टेकेल आणि फुटेल किंवा त्याचा डोळाच उखडेल. पूर्ण ओढल्यावर जुन्यापेक्षा कमी लांबीचा असेल तर स्टँडवर चाक लोंबकळताना सगळं ओझं शॉकअपवर येईल. डोळ्याच्या बुशचा आतला व्यास आणि रुंदीही लिहा. आणि बसवताना बुशचे नट गाडी जमिनीवर उभी असतानाच आवळा, चाक लोंबकळत असताना नाही, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. गाडीत नंतर डिझेल इंजिन किंवा डिकीत गॅसची टाकी बसवली असेल, तर मूळ पुस्तकातला नंबर आंधळेपणाने मागू नका. आधी धुऱ्यानुसार वजन करा, स्प्रिंग त्याप्रमाणे ठरवा, मग शॉकअप.

नोंदणीची चिंता करणाऱ्यांसाठी : २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज नोंदणी होते, मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. शॉकअप त्या यादीत नाही. १९७४ मध्ये पद्मिनी नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत, तेव्हा शॉकअपसाठी चेसिसवर नवी ब्रॅकेट वेल्ड करायला निघालेल्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

पुढच्या लेखांकात ब्रेक. तोवर एवढं करा : ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण पुसून उघडा, तेलाचा रंग बघा, आणि ते शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर लांबचा प्रवास पुढे ढकला.