पंप सारखा चालू-बंद होतोय? आधी टाकीतली हवा बघा

मंडळी, थेट बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात कधी असं होतं: नळ थोडा सोडला की पंप चालू, दोन सेकंदांत बंद, परत चालू. आपण म्हणतो, पंप बिघडला. पण पुष्कळदा दोष असतो प्रेशर टाकीचा.

पाणी दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. म्हणून या टाकीत रबरी पिशवी असते. आत पाणी, भोवती हवा. पंप बंद असताना ही दबलेली हवाच नळाला पाणी ढकलते. हवा कमी झाली की सगळा भार पंपावर. मोटर सुरू होताना सर्वांत जास्त करंट ओढते. दिवसभर हेच चाललं तर ती जळणारच ना?

तपासणं सोपं आहे. पंपाची वीज बंद करा, नळ सोडून टाकी रिकामी करा. आत पाणी असताना मोजलेला दाब फसवा असतो. मग टाकीच्या हवेच्या वॉल्व्हला टायरचा गेज लावा. पंप ३० पीएसआयला चालू होत असेल, तर हवा २८ हवी. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा.

वॉल्व्हमधून पाणीच आलं तर? पिशवी फाटली, ती किंवा टाकी बदला. नवी घेताना हिशेब लक्षात ठेवा: पंप ३० ला चालू, ५० ला बंद होत असेल, तर ८० लिटरची टाकी मधल्या काळात साधारण २३ लिटरच देते. पंप मिनिटाला जेवढं उपसतो, तेवढं तरी टाकीने द्यावं.

टाकी जमिनीवर, पंप खोल बोअरमध्ये. काय बदलणं सोपं, तुम्हीच सांगा.