८० सेकंदांचा उशीर आणि १०७ बळी : जपानच्या अमागासाकी रेल्वे अपघातात नेमकं काय घडलं होतं?

जपानची रेल्वे म्हटलं की आधी आठवतो तो तिचा वक्तशीरपणा. मिनिटभर उशीर झाला तरी तिथे प्रवाशांची माफी मागितली जाते. बुलेट ट्रेन १९६४ साली सुरू झाली, तेव्हापासून टक्कर होऊन किंवा रुळावरून घसरून तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही.

पण ही गोष्ट बुलेट ट्रेनची नाही. लोकांना रोज कामावर नेणाऱ्या साध्या गाडीची आहे.

२५ एप्रिल २००५, सोमवारची सकाळ. ओसाकाजवळच्या फुकुचियामा मार्गावर सात डब्यांची गाडी धावत होती. मोटरमन अवघा २३ वर्षांचा. इतामी स्टेशनवर गाडी थांबायच्या जागेपासून सुमारे ७२ मीटर पुढे गेली. ती मागे घेण्यात वेळ गेला आणि गाडी साधारण ८० सेकंद उशिरा निघाली.

मोटरमनने गार्डला विनंती केली, अंतर जरा कमी करून सांगा. गार्डने कंट्रोल रूमला ८ मीटर सांगितलं.

एवढ्याशा चुकीची इतकी भीती का? कारण जेआर वेस्ट या कंपनीत चुकणाऱ्याला 'निक्किन क्योइकु'ला पाठवलं जायचं. नावाला प्रशिक्षण, पण प्रत्यक्षात दिवसच्या दिवस माफीनामेवजा अहवाल लिहायचे, बोलणी खायची, कधी गवत उपटायचं. या मोटरमनने आदल्या वर्षी १३ दिवस ते भोगलं होतं, तेही गाडी स्टेशनच्या पुढे नेल्याबद्दलच.

गार्ड वायरलेसवर काय सांगतोय, याकडे बहुधा त्याचं लक्ष लागलं होतं, असं चौकशी अहवाल म्हणतो. तेवढ्यात अमागासाकीच्या अलीकडचं वळण आलं. वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर, गाडीचा वेग ११६. ९ वाजून १८ मिनिटांनी गाडी रुळावरून घसरून शेजारच्या नऊ मजली इमारतीवर आदळली. पहिला डबा तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये घुसला, दुसरा इमारतीच्या कोपऱ्याला अक्षरशः गुंडाळला गेला. मोटरमनसह १०७ जण गेले, ५६२ जखमी झाले.

हे वळण मुळात इतकं तीव्र नव्हतं, बरं का. १९९६ मध्ये नवा मार्ग जोडण्यासाठी त्याची त्रिज्या ६०० मीटरवरून ३०४ मीटरवर आणली गेली.

गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा जपानकडे नव्हती का? होती. १९६२ साली टोकियोत मिकावाशिमाला एका मालगाडीने लाल सिग्नल ओलांडला आणि तीन गाड्यांच्या टकरीत १६० जण मेले. त्यानंतर देशभर एटीएस बसवलं गेलं. पण त्याचा मूळ भर लाल सिग्नलवर होता. अमागासाकीच्या वळणावर वेग तपासून ब्रेक लावणारं यंत्र नव्हतंच. ते अपघातानंतर बसवलं आणि मगच, ५५ दिवसांनी, मार्ग पुन्हा सुरू झाला. वेळापत्रकही थोडं सैल केलं.

कंपनीच्या माजी अध्यक्षांवर खटले चालले, पण सगळे निर्दोष सुटले. त्या इमारतीचे चार मजले मात्र स्मारक म्हणून जपून ठेवलेत. शेजारून गाड्या आजही जातात.