घरातल्या टाकीत पोवळे पाळावे काय?

पोवळे दगडासारखे दिसते, पण तो जिवंत प्राणी आहे. परदेशात पुष्कळ हौशी लोक ते घरच्या काचेच्या टाकीत वाढवतात. त्यासाठी मीठ मोजून खारे पाणी करावे लागते, ते २५-२६ अंशांवर राखावे लागते आणि विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. घाई केली की पोवळे मरते.

फोटोचेही तसेच. काच पुसावी, पंप क्षणभर बंद करावा, कॅमेरा काचेसमोर सरळ धरावा, फ्लॅश टाळावा. निळ्या दिव्यात खरा रंग येत नाही. पांढरा दिवा लावावा.

परंतु आपल्याकडे २००१ पासून खडक रचणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे, त्यांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. २०२० साली किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजीअलीच्या १८ वसाहती हलवताना मुंबई महापालिकेलाही परवानगी घ्यावी लागली. तेव्हा ‘दगडच आहे, न्या’ म्हणणाऱ्याच्या बोलण्याला भुलू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मुलांना हौस असेल तर गोड्या पाण्यात गप्पी मासे पाळावेत. खर्च थोडा, आणि फोटो काढण्याची रीत तीच.