कोयता निघाला, गोळ्या घेतल्या का?

मंडळी, दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. त्यांत कुणाचा एचआयव्हीचा उपचार चालू असेल, तर फडावर गोळ्या संपतात अन् उपचार तुटतो. गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायची असते. खंड पडला की विषाणू वाढतो, पुढं औषधालाही दाद देत नाही.

२००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांतून ही औषधं फुकट मिळू लागली. निघण्याआधी केंद्रात सांगा; जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी मागा.

दुसरी अडचण लाजेची. शेजारी पाहतील म्हणून गोळी चुकते. सरपंच, पोलिस पाटलांनो, २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करता येत नाही. पारावर त्याचं नाव निघू देऊ नका. शंका असल्यास १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.