खुर्ची दोन वर्षांची, रस्ता सत्तर वर्षांचा
प्रा. एन. डी. पाटील यांच्या राजकारणातून आपल्या घरांनी काय घ्यावे?

निवडणूक आली की आपल्या वस्तीत गाड्यांची रांग लागते. निवडणूक संपली की धूळही खाली बसते आणि माणसेही दिसेनाशी होतात. "सगळे पुढारी सारखेच," असे म्हणून आपल्या आयाबहिणी पुन्हा कामाला लागतात. हे म्हणणे आम्हाला पटते, पण पूर्ण पटत नाही. कारण कोल्हापुरात एक पुढारी असाही राहून गेला, की ज्याचे पद गेल्यावर त्याचे काम वाढले. प्रा. नारायण ज्ञानदेव पाटील, म्हणजेच एन. डी. सर, यांची हकिकत म्हणूनच वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१५ जुलै १९२९ रोजी सांगली जिल्ह्यातील ढवळी या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९४८ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ते शेतकरी कामगार पक्षात आले. अर्थशास्त्रात एम. ए. करून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही योजनाही तेथे त्यांनी सांभाळली. गरिबाच्या पोराने अर्धा दिवस राबावे, अर्धा दिवस शिकावे आणि कुणापुढे हात पसरू नये, असा त्या योजनेचा बाणा. नंतर इस्लामपूरच्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले. चांगली नोकरी होती, मानही होता. तरीही त्यांनी वाट धरली ती चळवळीची. १९५७ मध्ये ते मुंबईच्या गिरणी कामगार युनियनचे सेक्रेटरी होते, हे गिरणगावात हाडे झिजवलेल्या आपल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

आता पदांचा हिशेब मांडू. विधान परिषदेत ते अठरा वर्षे होते : १९६० ते १९६६ आणि पुढे १९७० ते १९८२. कोल्हापूरकरांनी १९८५ ते १९९० या काळासाठी त्यांना विधानसभेत पाठवले. मंत्रिपद मात्र एकदाच मिळाले. १९७८ मध्ये पुलोद सरकार आले, त्यात ते सहकारमंत्री झाले. कापूस एकाधिकार खरेदी योजनेला त्यांनी बळ दिले. शेतकऱ्याचा कापूस व्यापाऱ्याने मनाच्या भावाने न घेता सरकारने ठरल्या भावाने घ्यावा, ही त्या योजनेची कल्पना. पुढे ही योजना तोट्यात गेली, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झाले आणि मंत्रिपद संपले. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याच काळातील एक गोष्ट आपल्या काळजाची आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. एन. डी. तेव्हा परिषदेचे सदस्य होते. ठराव मंजूर झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. सरकारने हात आखडला. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ती साडेपंधरा वर्षे कुणी भरून काढली? मोर्चांत चाललेल्यांनी, तुरुंगात गेलेल्यांनी, जीव दिलेल्यांनी. सभागृहात हात वर होतात, पण त्या हातांमागे रस्त्यावर माणसे उभी नसतील तर ठराव कागदावरच राहतो. हा धडा आपल्या समाजाने रक्त देऊन घेतला आहे. एन. डी. सरांचे सगळे आयुष्य याच धड्यावर उभे होते.

त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली. १९७२-७३ च्या दुष्काळात इस्लामपूर भागात मोर्चावर गोळीबार झाला. त्यात त्यांचा पुतण्या गेला. घरातले पोर गेल्यावर एखादा माणूस घरी बसला असता, तरी कुणी बोल लावला नसता. ते बसले नाहीत.

नात्यागोत्याचे राजकारण आपण रोज पाहतो. एन. डी. सरांच्या पत्नी सरोजताई या शरद पवारांच्या भगिनी. मेहुणा मुख्यमंत्री असेल तर माणूस काय काय पदरात पाडून घेईल! पण पवार ज्या एन्रॉन प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिले, त्याच्याविरुद्ध एन. डी. रस्त्यावर उतरले. रायगडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी महामुंबई सेझसाठी जाऊ लागल्या, तेव्हा तेथेही ते गेले. सीमाभागातील मराठी माणसांचा लढाही त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. तो प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत सुटला नाही.

आणि कोल्हापूरचा टोल! शहरातले रस्ते कंत्राटदाराकडून करून घ्यायचे आणि त्याने गावाच्या वेशीवर नाके बसवून तीस वर्षे पैसे घ्यायचे, असा तो करार होता. एन. डी. सरांनी आणि कॉ. गोविंद पानसरे यांनी विरोधाची हाक दिली. टोल गाडीवाल्याचा, आपले काय जाते, असे कुणाला वाटेल. पण भाजीचा टेम्पो टोल भरून आला तर तो पैसा भाजीच्या भावातच चढणार आणि चूल आपलीच महागणार. जानेवारी २०१२ मध्ये प्रचंड मोर्चा निघाला. सरांचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, तरी लोक हटले नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० तारखेला ते गेले. त्याआधी २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्षपद एन. डी. सरांकडेच होते. दोन जिवलग साथी गेले, तरी म्हातारा मागे सरला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. कंत्राटदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून करण्याचे ठरले, म्हणजे अखेर पैसा जनतेचाच गेला. लढाई जिंकली तरी आधीच्या चुकीच्या कराराचा भुर्दंड चुकत नाही, हेही ध्यानात घ्यावे. करार होतानाच जागे राहिले पाहिजे.

रयत शिक्षण संस्थेचे चेअरमनपद त्यांनी १९९० ते २००८ अशी अठरा वर्षे सांभाळले. शिक्षण विकत मिळू लागले तर गरिबाचे पोर दारातच राहील, हे ते सांगत राहिले. इंग्रजी शाळेच्या फीपायी ज्या आईने मंगळसूत्र गहाण टाकले आहे, तिला हे वेगळे समजावून सांगायला नको.

१७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी सरांचे निधन झाले. ते आपल्या पक्षाचे नव्हते. त्यांच्या प्रत्येक मताशी आपण सहमत असले पाहिजे असेही नाही. पण बाबासाहेबांनी आपल्या हाती मताचा अधिकार दिला, तो वापरताना मोजपट्टी हवी आणि ती आम्हाला या आयुष्यात दिसते.

तेव्हा माताभगिनींनो, पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला पाणी द्या, बसायला सांगा आणि शांतपणे एवढेच विचारा : "दादा, तुमच्याकडे पद नव्हते, तेव्हा तुम्ही कुठे होता? आमच्या कोणत्या मोर्चात चाललात?" उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐका, पोरांनाही ऐकू द्या. मत कुणाला द्यायचे ते मग रात्री जेवताना ठरवा.