भोपळ्याची शाळा



आपल्या मराठीने भोपळ्याला फार वाईट वागवले आहे. परीक्षेत शून्य मिळाले की म्हणायचे, भोपळा मिळाला. खोटी समजूत उघडी पडली की म्हणायचे, भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचे पटेनासे झाले की विळ्याभोपळ्याचे सख्य. इतकी बोलणी खाऊनही तो बिचारा उकिरड्याच्या कडेला नाहीतर गोठ्याच्या छपरावर मुकाट्याने वाढत असतो. आज मी त्याची बाजू मांडायला बसलो आहे. माझे म्हणणे एवढेच, की आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत चार-पाच किलोचा एक तांबडा भोपळा आपल्या वर्गात, बालवाडीत किंवा अंगणवाडीत आणून ठेवावा. पुढे आठवडाभर दुसऱ्या साधनाची गरज पडायची नाही. मात्र देठासकट आणा, बरं का! देठ शाबूत आणि साल न खरचटलेली असली, तर तो महिना-दोन महिने आरामात टिकतो.

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. नुसते विचारा, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" कोणी डांगर म्हणेल, कोणी काशीफळ, कोणी गंगाफळ. विदर्भातली मुले कोहळं म्हणतील आणि गोव्याकडचे पोर त्यालाच दुदी म्हणेल. आता आपल्या पुस्तकात कोहळा म्हणजे पांढरा, पेठा करायचा. आणि दुधी म्हणजे लांबट हिरवा. पण म्हणून कोणाचे चूक म्हणू नका. एका वस्तूला चार गावांत चार नावे असतात, हा भाषेचा पहिला धडा मुलाला इथे फुकटात मिळतो.

मग गोष्ट सांगा. कोणती, ते मी सांगायला नको. लेकीकडे जाऊन लठ्ठ झालेली म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला फसवते, ती. गोष्ट संपली की एखादे चौकस पोर विचारणारच, "गुरुजी, भोपळ्यात माणूस बसंल का?" त्याला उडवून लावू नका. खरोखर बसतो! कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाचे गाव आहे. तिथे १९९९ साली भोपळ्यांच्या होड्यांची शर्यत सुरू झाली. भला मोठा भोपळा वरून कापायचा, आतून कोरायचा, त्यात बसायचे आणि वल्ही मारत पाणी ओलांडायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे २०२३ सालच्या स्पर्धेत एक भोपळा १२४७ किलो भरला. म्हणजे जवळजवळ साडेबारा क्विंटल! त्या वेळी तो जगातला सर्वांत जड भोपळा ठरला होता. आपल्या म्हातारीबरोबर तिची लेक, जावई आणि नातवंडेही त्यात मावली असती.

हा तांबडा भोपळा मूळचा आपला नव्हे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मिरची, बटाटा, मका यांच्यासारखा तोही अमेरिका खंडातला. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या एका गुहेत त्याच्या जातभाईच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीतल्या बिया सापडल्या आहेत. तिकडचे मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी लावत. मक्याच्या ताटाचा घेवड्याला आधार, घेवड्यामुळे जमिनीला नत्र, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवणार, तण दाबणार. आपले शेतकरी मिश्र पीक घेतात त्यातलाच हा विचार. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच्या काळात तो भोपळा आपल्याकडे रुजला. दुधी मात्र आपल्याकडे फार जुना आहे. त्याचाच कडू भाऊबंद पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो, वाळवला जातो आणि मिरजेला जाऊन तंबोरा होतो.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या रात्री भोपळा कोरून त्याला नाक-डोळे करतात आणि आत दिवा ठेवतात. आयर्लंडमधले लोक आधी सलगम कोरत असत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा हाताशी लागला, आणि कोरायलाही सोपा. गंमत आहे, पण तेवढ्यासाठी आपल्या मुलांना भुताचे मुखवटे आणून द्यायचे मला काही कारण दिसत नाही. त्याच दिवसांच्या आगेमागे आपल्याकडे भोंडला असतो, हादगा असतो, भुलाबाई असते. खिरापत ओळखायचा खेळ तर शिक्षणाचा अर्कच म्हणा. डबा झाकलेला, आणि मुली विचारून विचारून आतले काय ते काढून घेतात. गोड की तिखट? ओलं की कोरडं? भोपळ्याशीही असेच खेळायचे. फोडण्यापूर्वी प्रत्येकाने अंदाज बोलून दाखवायचा, आणि तो फळ्यावर नावासमोर लिहायचा.

कसले अंदाज? वजन किती? पहिलीतले पोर एक तर "दोन किलो" म्हणेल, नाहीतर "शंभर." दुकानदाराचा तराजू मागून आणा आणि त्यांच्यादेखत तोला. पोटाला सुतळी किती लागेल? आधी डोळ्यांनी अंदाज करून सुतळी कापायची आणि मग गुंडाळून पाहायची. बहुतेकांची आखूड पडते. तिसरी-चौथीची मुले असतील तर भोपळा दोन पाट्यांच्या मध्ये धरून त्याची आडवी रुंदी मोजा. पोटाची सुतळी त्या रुंदीच्या तिपटीहून थोडी अधिक भरेल. दुसरा भोपळा घ्या, तांब्या घ्या, गाडीचे चाक घ्या, तेच! याचे मोठे नाव पुढे हायस्कुलात कळेल. आज मुलाने आपल्या हाताने पाहिले, एवढे पुरे.

शेवटचा अंदाज, पाण्यात टाकला तर बुडेल की तरंगेल? इथे सगळा वर्ग ओरडतो, "बुडणार!" एवढा जड आहे, बुडणारच. हौदात सोडा. भोपळा तरंगतो, कारण आत पोकळी आहे. भ्रमाचा भोपळा फुटतो तो असा.

माझ्या एका वर्गात मात्र एक पोर "तरंगंल" म्हणाले होते. नदीकाठचा मुलगा. त्याच्या घरी पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधत. वर्गात बाकी सगळे चुकले आणि हा एकटा बरोबर आला. एरवी त्याच्या पाटीवर गणिताचा नेहमीचा भोपळा असे. दिवाळीनंतर त्याला गुरांमागे धाडायचे, असे त्याच्या घरी ठरत आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो भोपळा फोडला. बायकांनी भोपळ्याला पहिली सुरी लावू नये, असे कित्येक घरी मानतात. मी मुद्दाम एका मुलीचा हात धरून पहिला काप घेतला. काही झाले नाही. भोपळाच फुटला. (सुरी आपल्याच हातात ठेवा, साल फार टणक असते.) गर हाताने काढायला, वास घ्यायला मुलांना मोकळीक द्या. मग बिया धुऊन पळसाच्या पानावर पसरायच्या आणि दहा-दहांचे ढीग करायचे. दहा ढीग जमले की एका द्रोणात भरायचे. द्रोण म्हणजे शेकडा, ढीग म्हणजे दहम्, सुट्या म्हणजे एकम्.

आमचे तीन द्रोण भरले आणि सात बिया उरल्या. मी त्या मुलालाच फळ्यापाशी बोलावले. त्याने ३ लिहिले, पुढे ७ लिहिले. सदतीस! पोरे हसली. मी विचारले, "ढिगांचं घर कुठं गेलं?" तो म्हणाला, "ढीग उरलाच न्हाई, गुरुजी. तिथं काय ल्ह्यायचं?" मागून कोणीतरी चावटपणे ओरडले, "भोपळा!" पुन्हा हशा. पण तो हसला नाही. द्रोणांकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्याने मध्ये शून्य काढले, ३०७. जागेवर जाता जाता म्हणाला, "भोपळा न्हाई काढला, तर द्रोणातल्या समद्या बिया जात्यात की!"

मी इतकी वर्षे स्थानमूल्य शिकवीत होतो. ते इतके नेमके मला सांगता आले नव्हते. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला. भोपळ्यामुळे आला असे मी म्हणणार नाही. त्याच्या आईने धरलेला हट्टही त्यामागे होता. पण आला.

अशी साधने विकत घ्यावी लागत नाहीत, हे आपल्याकडे जुन्या लोकांनी दाखवून ठेवले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शंख-शिंपले, पाने, गारगोट्या यांवरच मुलांना शिकवले.

वेल जवळ असेल तर मुलांना तिथेही न्या, पण सकाळी लवकर. भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. फुलांत दोन जाती असतात. नराचे फूल लांब बारीक देठावर, आणि मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा आधीच बसलेला. सुरुवातीला बहुधा नरफुलेच येतात, म्हणून घरची म्हणते, "नुसता फुलतोय मेला, फळ धरीना!" थोडे थांबावे. मधमाशी नराचा पराग मादीवर नेते तेव्हा फळ धरते. माश्या कमी असतील तर सकाळीच नरफूल तोडून त्याचा मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. त्या देठाला लाल दोरा बांधा आणि फळ धरते का, ते मुलांना रोज पाहू द्या. तणावाही दाखवा. वेलाचा हा हात काटकीला धरतो आणि स्प्रिंगसारखा वळतो. नीट पाहिले तर मध्येच एका जागी वळण उलटे फिरलेले दिसते. दोन्ही टोके बांधली गेल्यावर सगळे वेढे एकाच बाजूला कसे पडतील? मुलांना दोरीचा तुकडा देऊन करून पाहू द्या.

गराचे काय करायचे, ते गावच्या बायांना मी सांगावे असे नाही. घारगे करा, भरीत करा, नुसत्या उकडलेल्या फोडी करा. गराचा तो पिवळा-तांबडा रंग कॅरोटिनचा. त्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. भाजीला थोडे तेल असले तर ते अंगी जास्त लागते. एक गोष्ट मात्र पाळा. शिजवण्यापूर्वी कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर सगळा भोपळा टाकून द्या. कडवट भोपळ्याने पोट बिघडते. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात बिया देऊ नका, घशात अडकतात.

मोजून झालेल्या बियांतल्या पाच-सहा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. उबदार जागा असेल तर आठवड्याभरात मोड दिसेल. तो रुजताना कोंबाच्या मुळाशी एक बारीकसा उंचवटा येतो आणि टरफल त्याला अडकून मागे राहते. सदरा काढताना मूल बाही पायाखाली दाबून धरते, तसे. बाकीच्या बिया सावलीत वाळवा, राख लावून मडक्यात ठेवा आणि वर चिठ्ठी चिकटवा: कोणत्या दिवशी, किती बिया. माघात शाळेच्या नळाचे सांडपाणी जिथे जाते तिथे त्या लावायच्या आहेत. मडके उघडाल तेव्हा आधी पुन्हा एकदा मोजून घ्या. उंदराने किती नेल्या, ती वजाबाकी मुलेच करतील.