तारे पाहायचेत? चला हानलेला!

रात्री शहरातल्या गच्चीवर उभं राहून तारे मोजून पाहा. मोजदाद लवकरच संपेल. तेच आकाश लडाखमधल्या हानलेतून पाहिलंत, तर ओळखीची नक्षत्रंसुद्धा ताऱ्यांच्या गर्दीत शोधावी लागतात. तारे तेच असतात, फरक फक्त अंधाराचा!

हानलेच का?

लेहपासून सुमारे २५० किलोमीटरवर, चांगथांगच्या थंड वाळवंटात हानले वसलं आहे. हिमालय ओलांडून इथवर पाऊस फारसा पोहोचत नाही. त्यामुळे हवा कोरडी आणि आकाश बऱ्याच रात्री निरभ्र असतं. म्हणूनच इथल्या टेकडीवर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा उभी राहिली. तिथली २ मीटर व्यासाची दुर्बीण थेट बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. २०२२ मध्ये हा परिसर देशातलं पहिलं ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला.

अंधाराचे राखणदार

हा अंधार टिकतो तो गावकऱ्यांमुळे. ते खिडक्यांना जाड पडदे लावतात, बाहेरचे दिवे झाकून त्यांचा उजेड खाली वळवतात. गावातल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि दुर्बिणी मिळाल्या आहेत. ते पाहुण्यांना आकाश दाखवतात, घरात मुक्कामाची सोयही करतात. अंधार टिकला, तरच त्यांची ही कमाई टिकेल. एका गाडीचे प्रखर हेडलाइटही सगळ्यांची रात्र बिघडवू शकतात.

काय पाहाल?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अमावस्येच्या आसपास जा. अंधार पडल्यावर नैऋत्येला धनू राशीपासून डोक्यावरून जाणारा आकाशगंगेचा पट्टा दिसेल. पूर्वेला देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका शोधा. त्याचा प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यांत शिरतो आणि तो पाहायला दुर्बीणही लागत नाही! ध्रुवतारा मात्र महाराष्ट्रातल्यापेक्षा बराच वर दिसेल, कारण तुम्ही तेवढे उत्तरेला आलेले असता.

हे लक्षात ठेवा

• लेहमध्ये किमान दोन दिवस राहून विरळ हवेची सवय करून घ्या. लहान मुलं, ज्येष्ठ, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

• परवाना लागतो का, याची निघण्यापूर्वी चौकशी करून ठेवा.

• लोकरीचे कपडे, कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

• डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल पाहिलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

• टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. १०×५० ची द्विनेत्री पुरेशी आहे.

यंदा लडाखला जाणं जमत नसेल, तर अमावस्येला गावी जा. अंगणातला दिवा अर्धा तास बंद करा आणि मुलांना घेऊन बाहेर बसा. आकाश किती भरलेलं आहे, ते तुम्हालाच दिसेल.